भाल्याचं वजन आणि कराराची पानं

"ताई, मी सांगलीची, वय २७. एलएलबी करून साडेतीन वर्षं एका वकीलसाहेबांकडे ज्युनिअर आहे. त्याआधी राज्य पातळीपर्यंत खो-खो खेळले. माझी मामेबहीण १७ वर्षांची आहे, भालाफेक करते. यंदा तिला ज्युनिअर नॅशनलला पदक मिळालं आणि पंधरा दिवसांत एक स्पोर्ट्स मॅनेजमेंट कंपनी करार घेऊन घरी आली. दहा वर्षांचा करार, महिन्याला पंधरा हजार रुपये आणि तिच्या सगळ्या कमाईतले ३० टक्के कंपनीचे. त्यात बक्षिसं आणि सरकारी रोख पुरस्कारही आले. दोन वर्षांत पुन्हा राष्ट्रीय पदक आलं नाही तर महिन्याचे पैसे बंद, करार मात्र चालूच. मामा म्हणतात, 'आजकाल पंधरा हजार कोण देतंय?' खेळाडूंचे करार आणि जाहिराती बघणाऱ्या अमेरिकन मार्क मॅक्कॉर्मॅकबद्दल वाचल्यापासून मला तर झोप नाही. तोही वकील, तोही खेळाडू. नोकरी सोडून मीच कंपनी काढावी आणि बहिणीपासूनच सुरुवात करावी, असं फार वाटतंय. आई म्हणते, 'एवढं शिकून दलाली करणार?' काय करू?"

प्रिय वकीलबाई,

सगळ्यात आधी मामांना फोन कर आणि सही थांबव. माझं उत्तर नंतर सावकाश वाचलंस तरी चालेल.

बहीण १७ वर्षांची आहे. १८७२ च्या करार कायद्यातलं कलम ११ तू परीक्षेसाठी पाठ केलं असशील. आता ते घरात वापरायची वेळ आली आहे. अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल. कंपनी म्हणेल, पालक म्हणून मामांची सही चालते. मग १९४९ चा मुंबई उच्च न्यायालयाचा 'राजराणी विरुद्ध प्रेम अदीब' हा निकाल काढून वाच. वडिलांनी अज्ञान मुलीसाठी चित्रपटनिर्मात्याशी कामाचा करार केला होता. पुढे तिचं काम दुसरीला दिलं गेलं. ती कोर्टात गेली, तर हा करार ना मुलीला बजावता येतो ना वडिलांना, असं ठरलं. म्हणजे अशा कागदाने मुलगी अडकते की नाही हा वादाचा मुद्दा होईल, पण तिला जे कबूल केलंय तेही हातात येईलच असं नाही. मामांना हे सांग. पंधरा हजार त्यांना पक्के वाटतायत, ते तितके पक्के नाहीत.

दोन वर्षांत पदक आलं पाहिजे, या अटीचं मला जास्त वाईट वाटलं. ज्याने ती लिहिली त्याला भालाफेक कळत नसावी, किंवा फारच चांगली कळत असावी. अठरा वर्षांखालच्या मुली ५०० ग्रॅमचा भाला फेकतात. त्यापुढे भाला ६०० ग्रॅमचा होतो. शंभर ग्रॅम म्हणजे हातात घेतल्यावर काहीच नाही, पण खांद्याला, कोपराला, धावेच्या शेवटच्या दोन पावलांना ते सगळं नव्याने शिकावं लागतं. अंतर घटतं, दुखापतीची भीती वाढते. नेमक्या त्याच दोन वर्षांवर हिचे महिन्याचे पैसे टांगून ठेवलेत. पदक आलं तर कंपनीचे ३० टक्के आहेतच. नाही आलं तर खर्च बंद आणि मुलगी आणखी आठ वर्षं बांधलेली.

हा प्रकार मी जवळून पाहिलाय म्हणून एवढ्या पोटतिडकीने लिहितेय. काही वर्षांपूर्वी एका पैलवानाची आई माझ्याकडे आली होती. औषधाच्या दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात घडी घातलेली चौदा पानं, सगळी इंग्रजीत. प्रत्येक पानाच्या तळाशी तिने थरथरत्या अक्षरात आपलं पूर्ण नाव लिहिलं होतं. कुणीतरी 'इथे सही' म्हणून पेन्सिलीने बारीक फुल्या मारून दिल्या होत्या, त्या तशाच होत्या. अकराव्या पानावर लिहिलं होतं की मुलाचं नाव, फोटो आणि आवाज जाहिरातीसाठी कायमचे कंपनीकडे. मुलाचा गुडघा गेला, कंपनीने फोन उचलणं बंद केलं. गावाजवळच्या एका डेअरीला तेवढ्यात त्याचा फोटो फलकावर लावायचा होता. पैसे थोडेच होते, पण ऑपरेशनच्या खर्चाला हातभार लागला असता. अकराव्या पानामुळे डेअरीवाले घाबरले आणि मागे सरले. मी तिला वकील गाठून दिला, पण तोपर्यंत डेअरीने दुसरा चेहरा घेतला होता. त्या माऊलीने मला एकच विचारलं, "सही करताना कुणी वाचून का दाखवलं नाही?"

तुझ्या मामांच्या घरी वाचून दाखवणारी आहे. तू आहेस.

आता मॅक्कॉर्मॅककडे येते. त्याची गोष्ट तुला झोपू देत नाही हे मला समजतं, पण ती नीट वाचलीस तर तुझी घाई उतरेल. हा शिकागोचा मुलगा, जन्म १९३० चा. लहानपणी गाडीखाली आला, कवटीला इजा झाली. धक्काबुक्कीचे खेळ बंद झाले म्हणून वडिलांनी गोल्फकडे वळवलं. गोल्फ चांगला खेळायचा, १९५८ च्या अमेरिकन ओपनपर्यंत पोहोचण्याइतका चांगला. पण आपण पहिल्या फळीतले नाही हे त्याला वेळेवर कळलं. येलमधून कायदा शिकून तो क्लीव्हलँडच्या एका वकिली फर्ममध्ये नोकरीला लागला होता. नोकरी करता करताच त्याने गोल्फपटूंचे प्रदर्शनीय सामने ठरवायला सुरुवात केली आणि त्यांचे कंपन्यांशी झालेले करार वाचून द्यायला लागला. तो नोकरी सोडून यात उतरला असं तुला वाटत असेल, पण तसं काही झालं नाही. पगार चालू होता आणि फावल्या वेळात तो दुसऱ्यांचे कागद वाचत होता. खेळाडूंना कुठे नाडलं जातं हे त्याला त्या कागदांतून कळलं.

गोल्फपटू अर्नोल्ड पामरला तो कॉलेजपासून ओळखत होता, दोघे वेगवेगळ्या कॉलेजांकडून एकमेकांविरुद्ध खेळलेले. १९६० मध्ये दोघांनी हात मिळवला आणि त्या हस्तांदोलनावर पुढची चाळीसहून जास्त वर्षं काम चाललं. पामरची अट होती, माझंच काम बघायचं, दुसरं कुणी नाही. पामरची जाहिरातींतली कमाई वर्षाला सहा हजार डॉलरवरून दोन वर्षांत पाच लाखांवर गेली, असं सांगितलं जातं. हा आकडा सगळे सांगतात. मला मात्र त्यामागचा विचार महत्त्वाचा वाटतो. मॅक्कॉर्मॅक कंपन्यांना सांगायचा की जाहिरातीत 'यंदाचा विजेता पामर' असं लिहू नका. विजेता पुढच्या वर्षी बदलतो. पामर हा माणूस विका. त्याचं हसू, त्याचा मोकळा स्वभाव, सामान्य घरातून वर आलेला त्याचा चेहरा. त्याची खूण म्हणून लाल, पिवळी, पांढरी, हिरवी छत्री पुढे आली. पामर मोठ्या स्पर्धा जिंकायचा थांबला, पण छत्री त्यानंतर कित्येक दशकं कपड्यांवर विकली जात होती.

आता हे तुझ्या हातातल्या कराराशेजारी ठेव. तुझ्या बहिणीच्या करारात सगळं पदकावर टांगलेलं आहे. मॅक्कॉर्मॅकने सगळं पदकापासून सोडवलं होतं. चांगला एजंट मला यातच दिसतो. खेळाडूची पडती वर्षं डोळ्यासमोर ठेवून तो चढत्या वर्षांचे कागद लिहितो.

तुझ्या आईच्या 'दलाली' शब्दाचं उत्तरही मला इथेच सापडतं. आईवर रागावू नकोस. तिने व्यवहार झाला की टक्का घेऊन निघून जाणारी माणसं पाहिली असतील, आणि या धंद्यात तशी माणसं आहेतच. पण सौदा ठरल्यावर ज्याचं काम खरं सुरू होतं त्याला आपण दलाल म्हणत नाही. फिजिओचे पैसे वेळेवर गेले का, टीडीएसचं प्रमाणपत्र आलं का, जाहिरातीचं शूटिंग स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात तर नाही ना, कुणीतरी फुकट दिलेल्या सप्लिमेंटच्या डब्यात काय आहे, हे सगळं त्याचं काम. या शेवटच्या गोष्टीवर खास लक्ष ठेव. शरीरात काय सापडलं याला खेळाडू स्वतः जबाबदार असतो. 'मला माहीत नव्हतं' म्हणून सुटका होत नाही. एका डब्याने चार वर्षांची बंदी येऊ शकते. आईला एकदा तुझ्यासोबत मैदानावर ने, तिला तिथे सगळं दिसेल.

खर्डेकरांची आठवणही तिला सांग. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला जाऊन कांस्यपदक घेऊन आले. त्या प्रवासाच्या पैशांसाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं, असं आपल्याकडे सांगतात. खेळाडूच्या मागे उभं राहण्याला कमीपणाचं काम मानणाऱ्या मातीतले आपण नाही.

मॅक्कॉर्मॅकची दुसरी बाजूही तुला कळायला हवी. पामरनंतर त्याने गॅरी प्लेअर आणि जॅक निकलॉस या गोल्फपटूंचंही काम घेतलं. मग टेनिस आलं, मोटार शर्यती आल्या. आयएमजी ही त्याची कंपनी तीसहून जास्त देशांत पसरली. ती खेळाडूंचं काम बघायची, स्पर्धा भरवायची आणि त्याच स्पर्धांचं टीव्ही प्रक्षेपणही विकायची. १९६४ मध्ये त्याने इंग्लंडमधल्या वेंटवर्थला वर्ल्ड मॅच प्ले ही गोल्फ स्पर्धा सुरू केली, पहिल्या वर्षी जिंकला पामर. काही गैर झालं असं मी म्हणत नाही, पामर जिंकण्याच्याच लायकीचा होता. पण खेळाडू आपला, स्पर्धा आपली, कॅमेराही आपला असला की एजंट नक्की कुणाच्या बाजूने बोलतोय हे खेळाडूला कळेनासं होतं. निकलॉस पुढे बाहेर पडला आणि त्याने स्वतःची कंपनी काढली. तुझ्याकडे उद्या दोन भालाफेकपटू आल्या आणि बुटांची एकच जाहिरात आली, तर फोन आधी कुणाला करशील? बहिणीला केलास तर दुसरीवर अन्याय, दुसरीला केलास तर मामाचं घर तुटलं. याचं उत्तर आजच लिहून ठेव.

आपल्याकडचा रस्ताही मॅक्कॉर्मॅकच्या दारावरूनच गेला. १९९३ च्या हिरो कपचं प्रक्षेपण बंगालच्या क्रिकेट संघटनेने ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनलला, म्हणजे त्याच्याच समूहातल्या कंपनीला दिलं होतं. त्यावरून दूरदर्शनशी वाद पेटला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी १९९५ मध्ये न्यायालयाने सांगितलं, प्रक्षेपण ज्यांवरून होतं त्या हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर सरकारी मक्तेदारी असू शकत नाही. त्या पीठावर आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. हा निकाल मुळापासून वाच, कारण भारतात खेळाडूच्या चेहऱ्याला मोठी किंमत येण्यामागे हे दार उघडणं होतं. त्याच सुमारास बंगळुरूचे, पण अमेरिकेत स्थिरावलेले मार्क मस्कारेन्हस पुढे आले. सीबीएस या अमेरिकन टीव्ही कंपनीत धंदा शिकून त्यांनी वर्ल्डटेल ही कंपनी काढली होती. १९९६ च्या विश्वचषकाचे प्रक्षेपण हक्क त्यांनी एक कोटी डॉलरला घेतले आणि १९९५ च्या अखेरीस सचिन तेंडुलकरशी पाच वर्षांसाठी सुमारे ३० कोटी रुपयांचा करार केला. तोपर्यंत भारतीय खेळाडूसाठी असा आकडा कुणी उच्चारलाही नव्हता.

त्या विश्वचषकातली सचिनची बॅट आठवते का? तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस, चित्रफीत काढून बघ. बॅटवर एकही स्टिकर नाही. सिगारेट कंपन्या पैसे घेऊन तयार होत्या, पण तंबाखू आणि दारूची जाहिरात करणार नाही असा शब्द त्याने वडिलांना दिला होता. कोऱ्या बॅटने त्याने ५२३ धावा केल्या, स्पर्धेत सर्वांत जास्त. टायर कंपनीचं नाव नंतर आलं. या कोऱ्या बॅटबद्दल मी किती विचार केलाय सांगू. ज्याला टक्का मिळतो त्या एजंटसाठी कोरी बॅट म्हणजे बुडालेली कमाई. तरी ती कोरी राहू देणारी माणसं त्याच्याभोवती होती. तुझ्या बहिणीकडेही एक दिवस असा कुणीतरी येईल, ऑनलाइन पैजांचं अॅप नाहीतर वजन कमी करायची पावडर घेऊन. तेव्हा तुझा टक्का बुडवून तू 'नको' म्हणशील का?

मस्कारेन्हस २७ जानेवारी २००२ रोजी नागपूरजवळ मोटार अपघातात गेले. वय अवघं ४४. सचिनशी दुसरा, सुमारे ८० कोटींचा करार जेमतेम सुरू झाला होता. मला यातून कामाची एक गोष्ट दिसते ती लिहून ठेव. माणूस कधीही जाऊ शकतो, कंपनी कधीही विकली जाऊ शकते. मॅक्कॉर्मॅक २००३ मध्ये गेला आणि पुढच्याच वर्षी आयएमजी दुसऱ्यांच्या हातात गेली. म्हणून जाहिरातीचा प्रत्येक करार खेळाडूच्या नावाने हवा. पैसे तिच्या खात्यात यावेत आणि तिथून तुझा हिस्सा तुला मिळावा. उलटं कधीच नको. ती तुला सोडून गेली तरी तिचं काही अडता कामा नये.

सोडून जाण्याचं निघालंच आहे तर श्रीरामपूरच्या झहीर खानचं प्रकरण तुला माहीत हवं. त्याचा एका मॅनेजमेंट कंपनीशी तीन वर्षांचा करार होता. मुदत संपल्यावरही दुसऱ्याकडे जाण्याआधी आम्हाला विचारायचं, असं एक कलम त्यात होतं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बजावायला नकार दिला. मुदतीनंतरचं असं बंधन करार कायद्याच्या कलम २७ च्या विरुद्ध आहे, आणि विश्वासावर चालणाऱ्या अशा नात्यात कुणाला जबरदस्तीने बांधून ठेवता येत नाही. जागतिक फुटबॉलमध्ये तर फिफाने खेळाडू आणि एजंटच्या करारालाच दोन वर्षांची मर्यादा घातली आहे, शिवाय एजंट होण्यासाठी परीक्षा ठेवली आहे. भालाफेकीला तो नियम लागू नाही, पण मोजपट्टी म्हणून वापर. कंपनीचे लोक पुन्हा आले तर मामांच्या शेजारी बसून त्यांना विचार, "दहा वर्षं कशासाठी?" आणि मग गप्प बस. त्यांना बोलू दे.

नोकरी सोडू नकोस. साडेतीन वर्षं ज्युनिअर राहून कंटाळा येतो हे खरं, पण एका मुलीच्या पदकावर तुझं घरभाडं अवलंबून राहिलं, तर पुढच्या जाहिरातीला 'नको' म्हणायची ताकद तुझ्यात उरणार नाही. वकीलसाहेबांशी मोकळेपणाने बोल. वकिली आणि धंदा एकत्र करण्यावर बार कौन्सिलचे निर्बंध आहेत, तेही त्यांनाच विचार. कंपनी काढण्याआधी ते मिटवावं लागेल. तोवर तालुक्यातल्या, जिल्ह्यातल्या खेळाडूंचे कागद वाचून दे. रेल्वेत, पोलिसात लागलेल्या खेळाडूंना जाहिरात करायची तर खात्याची परवानगी लागते. त्यांचे अर्ज लिहून दे. आठवड्याला एक कागद वाचलास तर दोन वर्षांत शंभर होतील. मग कंपनीचं बघू.

बहिणीचं म्हणशील तर ती १८ ची होईपर्यंत तू तिची एजंट होऊ नकोस. ताई हो आणि तिची वकील हो. एक रुपयाही घेऊ नकोस. आत्ता तिला गरज आहे ती खर्चाची. जिल्हा क्रीडा अधिकारी, राज्य सरकारच्या योजना, केंद्राची खेलो इंडिया शिष्यवृत्ती, जवळपासचे कारखाने आणि पतसंस्था. अर्ज करत फिरायचं काम तू करू शकतेस. पंधरा हजारांची सोय अशी थोडी थोडी झाली तर मामांचा जीव शांत होईल. १८ नंतर तिला तुझ्याबरोबर काम करायचं असेल तर दोन वर्षांचा करार, मराठीत. टक्का फक्त तू मिळवून दिलेल्या जाहिरातीवर. बक्षिसाला, पगाराला, सरकारी पुरस्काराला हात लावायचा नाही. ते तिच्या घामाचे आहेत, त्यात तुझा काही वाटा नाही. आणि सही करण्याआधी तो कागद तिने बाहेरच्या एका वकिलाला दाखवावा, असा आग्रह तूच धर.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात मामा काय म्हणतात ते आहे, आई काय म्हणते ते आहे, कंपनी काय म्हणते ते आहे, तुला काय वाटतं तेही आहे. ती मुलगी काय म्हणते हे कुठेच नाही. रविवारी जाशील तेव्हा मामांशी बोलायच्या आधी तिच्या सरावाला जा. सराव संपला, तिने भाले पुसून ठेवले की तिथेच बस आणि करारातली एकेक ओळ मराठीत वाचून दाखव. मग तिला काय वाटतं ते विचार. ती काय म्हणाली ते मला नक्की कळव.

तुझी,
ताई